सौम्य

सोमवारी डॉक्टरांनी केसपेपरवर ‘संसर्ग सौम्य’ असे लिहिले आणि गुरुवारी माझी पत्नी सुमन गेली.

त्याला दोन वर्षे झाली. आज आमच्या मुलीला, मुक्ताला, तसाच ताप आणि खोकला आहे. डॉक्टर याही वेळी ‘सौम्य’च म्हणाले. रक्त घ्यायला आलेल्या बाईंनी नळी भरली आणि ती गोठू नये म्हणून हलकेच उलटसुलट केली. माझी नजर त्या नळीवरून हलेना.

माझी भाची प्रयोगशाळेत संशोधन करते. तिने एकदा सांगितले होते, “मामा, रक्तात मायक्रोआरएनए नावाचे बारीक रेणू असतात. विषाणू फुफ्फुसात शिरला की त्यांचे प्रमाण बदलते. कुणाचा आजार बळावेल हे त्यावरून आधीच कळेल का, ते शोधतोय. पण अजून भरवसा नाही हं.”

म्हणजे सुमनच्या रक्ताला सोमवारीच ठाऊक होते की काय? त्या संध्याकाळी मी तिला चिडवले होते, “तुझ्यासारखाच आहे आजार, सौम्य.” “मी आणि सौम्य? शेजाऱ्यांना विचारा!” ती हसली आणि मग बराच वेळ खोकत राहिली.

आता मुक्ता विचारते, “बाबा, काय म्हणाले डॉक्टर?”

तो शब्द माझ्या तोंडून निघत नाही. “विश्रांती घे म्हणाले,” एवढेच मी सांगतो.

रिपोर्ट उद्या येईल. त्यात त्या रेणूंची नोंद नसेल. मी तिच्या पलंगाशेजारी बसून तिचा श्वास ऐकतो आहे.