दाजी आणि व्हाळावरचा साकव

आमच्या दाजींइतका भित्रा आमदार कुठल्या सभागृहात बसला नसेल. हे मी कौतुकाने सांगते. मालवणच्या किनाऱ्यावरचा हा माणूस होडीत बसला की डोळे मिटून रामनाम घ्यायचा. सात वर्षं त्यांच्या कार्यालयात अर्ज आणि पत्रं लिहायचं काम मी केलं. कुठल्या गावाने पुलाची नाहीतर बंधाऱ्याची तक्रार आणली, की दाजी आधी स्वतः जाऊन त्यावर उभे राहत. "माका भीती वाटली तर काम खरा," म्हणायचे. "नाय वाटली तर अर्ज बाजूक ठेव गो, सुलू."

एका अधिवेशनात त्यांची लक्षवेधी लागली. मी वर गॅलरीत बसले होते. दाजींच्या हातातला कागद असा थरथरत होता की वाचायचं सोडून ते तोंडीच बोलले. "अध्यक्ष महोदय, माझ्या मतदारसंघातल्या एका साकवावरून मी चालून आलो. मला भीती वाटली. राज्यात अशा किती साकवांवरून मुलं शाळेत जातात, याची यादी शासनाकडे आहे का?" मागच्या बाकांवरून कुणीतरी हसलं. पण मंत्र्यांनी राज्यभरातले साकव तपासायचं जाहीर केलं, आणि बाहेर आल्यावर दाजींनी लागोपाठ दोन चहा घेतले.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते पुढे झालं. तपासणीवाले आमच्याच गावात आले. देऊळवाडी आणि पलीकडची वाडी यांच्यामध्ये व्हाळ, म्हणजे ओढा आहे, त्यावर पायी जायचा आमचा अरुंद साकव. लोखंड गंजलेलं, एका बाजूचा कठडा गेलेला. त्यांनी 'धोकादायक, वापर बंद' असा शेरा मारला, आणि चतुर्थी आली होती आठ दिवसांवर. गणपतीची शाळा, म्हणजे मूर्ती घडवायची जागा, पलीकडच्या वाडीत. तिथून अख्खी देऊळवाडी डोक्यावर मूर्ती घेऊन त्याच साकवावरून येते. रस्त्याने यायचं तर दोन मैलांचा वळसा. निवडणूकही तोंडावर होती. मी घाबरून म्हटलं, "दाजी, चतुर्थी होवांदे. मगे वाट बंद करूक फळी लावूया."

"आणि तेच्यातलो एक जण खाली गेलो तर?" ते म्हणाले. "माका झोप लागात?"

फळी लागली. चतुर्थीच्या आदल्या दिवशी ती कुणीतरी व्हाळात फेकून दिली. दाजी छत्री घेऊन साकवाच्या मधोमध जाऊन उभे राहिले. खाली तांबडं पाणी घोंगावत होतं. त्यांचे ओठ रामनामात हलताना मला काठावरून दिसत होते. पलीकडून माझा चुलतभाऊ बाबी डोक्यावर गणपती घेऊन आला, मागे दहाबारा जण.

"दाजी, बाजूक व्हा. देव डोक्यार आसा, मी मागे फिरूचंय नाय."

डोक्यावरचा देव घेऊन मागे फिरत नाहीत, हे दाजींनाही ठाऊक होतं. त्यांनी छत्री मिटली, हात जोडले आणि तिथेच भर पावसात गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, आज ह्या लेकरान तुझी वाट बदलल्यान. ती चूक तेची नाय, माझी. काय असात ता माझ्यार घाल, म्हाराजा!"

गाऱ्हाण्याला सगळ्यांनी होकार द्यायची आमच्याकडे रीत, त्यात माणसं पुढचामागचा विचार करत नाहीत. सगळ्यांच्या तोंडून "व्हय म्हाराजा!" निघून गेलं. एकदा होकार दिल्यावर काय करणार? बाबी दातओठ खात रस्त्याकडे वळला. मला मात्र भीती वाटली. देवाच्या नावाने असं काही अंगावर घेऊ नये.

साकव पडला नाही. दाजी पडले. "उगीच देवाक वळसो घालूक लावल्यान," असं म्हणत देऊळवाडीने मतं फिरवली, आणि पुन्हा साकवावरून ये-जा सुरू केली. पुढे दाजींनी अंथरूण धरलं, तेव्हा लोक एकमेकांकडे सूचक बघायला लागले. दाजींना त्याचं काही नव्हतं. पाऊस वाढला की त्यांचा फोन यायचा. "साकव आसा मा गो?" मी "आसा" म्हटलं की सुटकेचा श्वास ऐकू यायचा. "बरा झाला. मी खोटोच पडांदे."

गेल्या आषाढात दाजी गेले. स्मशान पलीकडच्या अंगाला. तिरडी उचलली आणि माणसं सवयीने व्हाळाकडे वळली. पाणी साकवाला टेकलेलं, चौघे खांदेकरी, मागे सगळा गाव. आमच्याकडे बायका मयताबरोबर जात नाहीत. मी मात्र चिखलातून धावत पुढे गेले आणि साकवाच्या तोंडाशी आडवी उभी राहिले.

"हयसून नाय. रस्त्यान चला."

पुढच्या खांद्याला बाबीच होता. "बाजूक हो गो! मयत अडवतत काय कोण?"

"माका भीती वाटता," मी म्हटलं. मी हलले नाही. बाबीने माझ्याकडे पाहिलं, मग खाली पाण्याकडे पाहिलं, आणि खांदा रस्त्याच्या बाजूला वळवला.

दाजींना दोन मैलांचा वळसा पडला. संध्याकाळी सगळी माणसं आपापल्या घरी परत आली.