मुंद्रा ते पनवेल: तापणारा कॅमेरा आणि न थांबणारा धवला

कॅमेरा पहिल्यांदा बंद पडला तो कच्छमधल्या मुंद्र्यात, खोलीच्या गच्चीवर. मी तिथं बंदरावर काम करतो. सुट्टीच्या दिवशी हा सेकंडहँड कॅमेरा स्टँडवर लावून जहाजांचा व्हिडिओ घेत बसलो होतो. थोड्या वेळात स्क्रीनवर थर्मामीटरचं चित्र आलं आणि मग काळोख. हात लावला, तर ताप आलेल्या पोराच्या कपाळासारखा.

आणि मला घ्यायचा होता धवला! ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या आगरी लग्नात धवलारीण असते. ती मांडवात बसून धवला, म्हणजे लग्नविधीची गाणी, गाते आणि एकदा सुरू झाली की विधी होईपर्यंत थांबत नाही. मागं बसलेली बाई तिची ओळ झेलते. जासईजवळच्या आमच्या गावात पुढं जानामावशी, मागं माझी आई. मावशी आता मुलाकडं नाशिकला राहायला जाणार, म्हणजे पुढची जागा आईची. पण आईला धाकधूक. "मना मागून येतं, पुढून नाय येत," म्हणते. लिहायला येत नाही, आणि मावशी घरी बसून शिकवत नाही. मांडव नाय तं धवला नाय, हा तिचा कायदा. चुलतभाऊ निलेशचं लग्न हा मावशीचा इथला शेवटचा मांडव.

"अख्खा घे," आईनं फोनवर बजावलं. "मधी तुटला तं माज्या काय कामाचा?"

निघालो. भुजहून रात्रीची गाडी, सकाळी वसई, तिथून पनवेलची मेमू. मेमू मोजक्याच असतात, वेळ बघूनच बेत करा. मे महिना, डब्यात पंखा गरम हवा मारत होता. मला माझी नाही, बॅगेतल्या कॅमेऱ्याची काळजी.

पनवेलला स्टेशनबाहेर वडापाव खाल्ला आणि बाजारात कॅमेरा दुरुस्तीचं दुकान शोधलं. दुकानदारानं सेटिंग उघडली आणि हसला.

"भाऊ, फोरकेमध्ये घेतोस? बघणार कशावर?"

"आईच्या मोबाईलवर."

"मग फुल एचडी बस झालं की! कशाला बिचाऱ्याला राबवतोस?"

त्याचं म्हणणं, चित्र जेवढं मोठं तेवढी आतल्या चिपला मेहनत, आणि मेहनतीचीच उष्णता. स्क्रीन कॅमेऱ्याच्या पाठीला चिकटवून ठेवायची नाही, बाहेर उघडून धरायची, पाठ मोकळी राहते. वायफाय बंद. ऊन नको, वारा हवा. पैसे घेतले नाहीत. मीच लाजेनं एक मेमरी कार्ड विकत घेतलं.

डेपोतून उरणची एसटी धरली. लांब उलव्याच्या क्रेनी, रस्त्यात ट्रेलरची रांग, त्यामुळं हातात जास्तीचा वेळ ठेवा. घरी तांदळाची भाकर आणि सुकटीचं कालवण तयार होतं. जेवलो आणि मांडवात चाचणी घेतली. बराच वेळ चालला, पण वर पत्रा, खाली माणसं, शेवटी पुन्हा तेच चित्र. मग मी माझी अक्कल चालवली. म्हावऱ्याच्या थर्माकोलच्या पेटीत, बर्फावर फडकं टाकून कॅमेरा ठेवला. बाहेर काढला तर काचेवर धुकं! असं कोणी करू नका. आत पाणी धरलं असतं तर कॅमेरा कायमचा गेला असता.

जानामावशी खाटेवरून बघत होती. "काय रं, त्याला पापलेट समजलास?"

निलेश ओरडला, "मावशी, कालवनात टाक त्याला!"

"तापतो गं, मावशी. मधीच बंद पडतो."

"माजा पन गला तापतो. मी पानी पितंव तवा धवला थांबतो? तुजी आय गान्याची वल धरते. तुज्या त्याच्या मागं कोन हाय?"

कोणीच नव्हतं. मी खिशातला मोबाईल काढून बघतच राहिलो.

दुसऱ्या दिवशी धवला सुरू झाला. कॅमेरा सावलीत, स्क्रीन बाहेर, बाजूला टेबलफॅन, पण जरा लांब, नाहीतर आवाजात घरघर येते. मोबाईल आईच्या शेजारी खुर्चीवर. दर थोड्या वेळानं आधी मोबाईल चालू करायचा, मग कॅमेरा बंद करून त्याला वारा द्यायचा. पुन्हा कॅमेरा चालू, मग मोबाईल बंद. दोघांची ओळ एकमेकांवर चढलेली पाहिजे, मध्ये फट नको. घाम माझा निघाला, कॅमेरा मात्र एकदाही रुसला नाही. मावशी उठली तेव्हा आईनं माझ्याकडं बघून नुसती भुवई उडवली. मी मान डोलावली. अख्खा मिळाला होता.

मुंद्र्याला परतून खोलीत तुकडे जोडत बसलो. कॅमेऱ्याच्या भागात मावशीचाच आवाज. मोबाईलच्या भागात आई जवळ, मावशी लांब. एका जागी काहीतरी वेगळं वाटलं. मागं नेऊन परत ऐकलं. मावशी श्वास घेत होती, आणि पुढची ओळ आईनं आधी उचलली होती. पुढं अजून दोनदा तसंच. शब्द बरोबर, चाल बरोबर.

मी फोन लावला. "आई, तू मावशीच्या आधी गातेयस."

"कुठं?"

ऐकवलं. तिनं पुन्हा लावायला सांगितलं. मग हळूच म्हणाली, "हे मी बोलतंव?"

"तूच."

"बरं. मना सगला धाड." आणि लगेच, "तेवढा तुकडा मावशीला नको दाखवू हां. पुढं पलाली म्हनून शिव्या घालील."