चालतं, डोळे झाकून घ्या

तळवड्याच्या एका कंपनीत मी सर्व्हर सांभाळायचो. लिनक्स आणि तिच्यासारख्या फुकट मिळणाऱ्या युनिक्स सिस्टिम वापरणाऱ्यांचा आमचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होता. त्यात माझ्या शब्दाला मान होता. कुणी काही विचारलं की बाकीचे गप्प राहायचे, मी काय म्हणतो ते बघायला. हे मला आवडायचं. फार आवडायचं.

एका दुपारी कॅन्टीनमध्ये जेवत असताना ग्रुपवर एका बाईंचा प्रश्न आला. त्या चाकणच्या एका छोट्या कारखान्यात क्वालिटीला होत्या. तिथं तयार होणाऱ्या गिअरच्या मोजमापांचे रिपोर्ट साठवायला त्यांना फुकटच्या युनिक्सवर एक सर्व्हर उभा करायचा होता. चार डिस्क जोडायच्या तर वेगळं कंट्रोलर कार्ड लागणार. मॉडेलचा नंबर देऊन त्यांनी विचारलं होतं, "हे आपल्या सिस्टिमवर चालेल का?"

माझ्या सर्व्हरमध्ये तेच कार्ड आहे, अशा समजुतीत मी एका हातानं लिहिलं, "चालतं. डोळे झाकून घ्या." आणि पुन्हा जेवायला लागलो.

कार्ड आलं त्या दिवशी त्यांचा फोन आला.

"सर, डिस्क दिसतच नाहीत."

"नीट बसलं नसेल. काढून परत बसवा."

त्यांनी बसवलं. नाही दिसल्या. मी केबल बदलायला सांगितली. त्या खाली वाकून केबल काढत होत्या तेवढ्यात मी आमच्या कार्डाचा कागद उघडला. आमच्या नंबरच्या शेवटी एक अक्षर होतं, त्यांच्या नंबरला ते नव्हतं. त्यांचं कार्ड निम्मं काम ते बनवणाऱ्या कंपनीच्या स्वतःच्या ड्रायव्हरवर, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रॅमवर टाकणारं होतं, आणि आमच्या सिस्टिमसाठी तो ड्रायव्हर कुणी लिहिलेलाच नव्हता. केबल शंभर वेळा बदलली असती तरी काही होणार नव्हतं.

फोनमध्ये मागून त्यांच्या मालकांचा आवाज आला. "म्हणलं व्हतं का न्हाई? फुकटचं काय खरं नसतंय. आता खरेदी-बिरेदी तुम्ही बघू नका."

मी बोलायला हवं होतं. फोन मालकांना द्या, एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. मी म्हणालो, "कधीकधी पीसच खराब येतो."

शनिवारी कंपनीच्या कपाटात पडलेलं, नक्की चालणारं एक कार्ड साहेबांना विचारून घेतलं आणि चाकणला गेलो. तोंडानं जे बोलता येत नव्हतं ते हातानं फेडावं, असं काहीतरी मनात असणार. कार्ड बदललं, मशीन चालू केलं आणि चारही डिस्क एकाखाली एक दिसल्या. बाईंना इतका आनंद झाला की मला त्यांच्याकडे बघवेना.

चहा घेताना त्या म्हणाल्या, "खरं तर सर, सिस्टिमच्या साइटवरची चालणाऱ्या कार्डांची यादी मी आधी वाचली होती. हे मॉडेल तिच्यात नव्हतं. पण तुम्ही चालतं म्हणालात, मग मला वाटलं यादीच जुनी असेल."

मी म्हणालो, "हो, याद्या मागे पडतात."

रविवारी त्यांनी ग्रुपवर लिहिलं, "हे मॉडेल घेऊ नका, आपल्या सिस्टिमवर चालत नाही. मी यादी बघूनही घेतलं, चूक माझी. सर सुट्टीच्या दिवशी चाकणला आले, त्यांचे आभार." खाली लोकांनी माझं कौतुक सुरू केलं. एकानं लिहिलं, "असा माणूस मिळत नाही, राव." मी हात जोडल्याचं चित्र टाकलं. त्या चित्राची आठवण आली की अजूनही मान खाली जाते.

चार-पाच महिन्यांनी त्यांनी नोकरी बदलल्याचं कळलं. तेव्हा कुठं मी त्यांना सगळं लिहून पाठवलं, शेवटच्या अक्षरासकट. उत्तर संध्याकाळी आलं. "सर, तुम्ही दुसरं कार्ड आणलंत तेव्हाच मी दोन्हींवरचे नंबर वाचले होते. तुम्ही मालकांना सांगाल असं वाटलं होतं."

दुसऱ्या दिवशी मालकांना फोन केला. त्यांना मी आधी आठवेना, मग आठवलो. चूक माझी होती, बाईंची नव्हती, हे मी एका दमात सांगून टाकलं.

ते म्हणाले, "म्हंजे त्या पोरीला आमी उगाच बोललो व्हय? सगळी खरेदी काढून घेतली तिच्याकडनं." मी हो म्हणालो. ते म्हणाले, "तवाच सांगायचं ना, साहेब," आणि फोन ठेवला.

ग्रुपवरही मी खरं काय ते लिहिलं. दोघा-तिघांनी अंगठा दाखवला, मग कुणीतरी दुसराच प्रश्न विचारला. मालकांनी बाईंना कळवलं की नाही, ते मला ठाऊक नाही. बाईंना विचारायला मला तोंड राहिलं नव्हतं.