हातांनी चालणारे आप्पा

आमच्या आप्पांचे हात कुणी बांधून ठेवले असते, तर त्यांना बोलताच आलं नसतं. आमटीत मीठ कमी आहे एवढं सांगायलाही त्यांना दोन्ही हात लागत. जेवताना त्यांच्या शेजारी बसायला आम्ही भावंडं एकमेकांना पुढे ढकलायचो.

वयाबरोबर आप्पांचं वजन वाढलं आणि गुडघे कुरकुरायला लागले. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, वजन उतरल्याशिवाय गुडघ्याचं ऑपरेशन नाही. मी बेळगावात, आप्पा एकटे निपाणीत. म्हणून मी त्यांना पावलं मोजणारं घड्याळ घेऊन दिलं. त्यातला आकडा माझ्या मोबाइलवर दिसायचा. आप्पांनी ते उजव्या हातात बांधलं. म्हणाले, "डाव्या हाताचं कोण ऐकतंय गं?"

आणि काय सांगू, रोज संध्याकाळी आप्पांची पावलं भराभर चढायची! मी ऑफिसात सगळ्यांना मोबाइल दाखवत मिरवले. वजन मात्र उतरायचं सोडून वाढतच चाललेलं. शेवटी एका संध्याकाळी न कळवता निपाणी गाठली.

आप्पा स्टँडजवळच्या हॉटेलात बाकावर ऐसपैस बसलेले. समोर भज्यांची बशी आणि बशीपलीकडे मल्लप्पाकाका, त्यांचे शाळेपासूनचे दोस्त. विषय नेहमीचाच, निपाणी कुणाची? आप्पा मराठीतून भांडत होते, काका कन्नडमधून, आणि दोघांनाही दोन्ही भाषा उत्तम येत होत्या. आप्पांचा उजवा हात पार मुंबईपर्यंत जाऊन परत येत होता. घड्याळ बिचारं इमानेइतबारे पावलं मोजत होतं.

"आप्पा, हे तुमचं चालणं?"

"मग? एवढी सीमा सरकवायची म्हंजे बसून हुतंय व्हय?" आप्पा बसूनच म्हणाले. काकांनी बशी माझ्याकडे सरकवली. मला इतकं हसू आलं, की रागवायचं राहूनच गेलं.

दिवाळीनंतर मल्लप्पाकाका गेले, झोपेतच. मोबाइलवरची पावलं जवळजवळ थांबली. घड्याळ बिघडलं असेल म्हणून मी फोन केला.

"घड्याळ बरं हाय," आप्पा म्हणाले. "भांडाय कोण न्हाय."

पुढच्या तपासणीत त्यांचं वजन चांगलंच उतरलेलं निघालं. डॉक्टर खूश होऊन ऑपरेशनची तारीख बघायला लागले. इतके महिने मी ज्याची वाट पाहिली, ते असं मिळालेलं मला नको होतं.

दवाखान्याबाहेर रिक्षाची वाट बघताना आप्पा म्हणाले, "नवा गुडघा घालून जायाचं कुठं गं?"

"माझ्याकडं या की ऱ्हायला."

"तुझ्याकडं? तू समद्याला व्हय म्हणतीस. काय मज्जा त्यात?"

"न्हाय!" मी ओरडलेच. "मी न्हाय म्हणत व्हय! आणि निपाणीचं म्हणाल, तर मल्लप्पाकाकांचंच बरोबर हुतं!"

आप्पांनी उजवा हात वर उचलला. मग भर रस्त्यात, डोळे पुसत पुसत, माझ्याशी कडाकडा भांडायला लागले.