करंजांखालचा पंचनामा

सत्तरच्या दशकातली गोष्ट. एप्रिलची नऊ तारीख होती आणि मी नागपुरातल्या आमच्या ठाण्याची मुद्देमाल खोली रिकामी करत होते. जप्त कपड्यांच्या गाठोड्यांना वाळवी लागली होती, ती उन्हात घालायची होती. तेवढ्यात निरोप आला की कन्हानला एका बाईला ठाण्यात आणलं आहे, ती तोंड उघडत नाही, महिला अधिकारी पाठवा. जिल्ह्यात तेव्हा आम्ही मोजक्याच. हात धुतले आणि निघाले. पुढे बरेच तपास केले, काही चांगले गाजले. पण मन फिरून याच तपासाकडे येतं.

कन्हान नदीच्या काठी मासेमारी करणाऱ्या ढिवर कुटुंबांची जुनी वस्ती होती. वस्तीला लागून करंजाची झाडं असलेला उतार. कागदोपत्री ती सरकारी पडीक जमीन. तिथं एका हॉटेलवाल्याचं विहारधाम होणार होतं. राहायला खोल्या, बगीचा, फिरायला नावा. वस्तीनं हरकतीचा अर्ज दिला होता. त्यात एवढंच लिहिलं होतं की इथं आम्ही जाळी वाळवतो. जाळी दुसरीकडे वाळवा, असं उत्तर आलं आणि अर्ज निकाली निघाला. मग मोजणीच्या खुंट्या रोवल्या गेल्या. आठवड्याभरात त्यांतल्या काही नाहीशा झाल्या. वस्तीसमोरच्या चहावाल्यानं खबर दिली, झडती झाली, आणि खुंट्या या बाईच्या घरात धानाच्या कोठीमागे सापडल्या.

बाई तिशीची. सोबत सासू आली होती. मला पाहून सासू म्हणाली, "अवं माय, पोलिसात बाई! मिशा नाई तं आमाले धाक कसा वाटन वं?"

शिपाई हसले. मीही हसले. सून मात्र हसली नाही. दोन तास मी विचारत होते आणि ती जमिनीकडे पाहत होती. गप्प बसणाऱ्यांतले बरेचसे काय सांगावं याचा विचार करत असतात. ही काहीच सांगायचं नाही असं ठरवून आली होती. अशा माणसाला दम देऊन उपयोग नसतो. मी उठले आणि जागा बघायला गेले.

वरच्या सपाटीवरच्या खुंट्या जागच्या जागी होत्या. गेल्या होत्या त्या फक्त करंजांखालच्या. काम बंद पाडायचं असतं तर कुणीही सगळ्या उपटल्या असत्या. परत येऊन मी तिला एवढंच विचारलं, "तेवढ्याच काहून काढल्या?"

मान वर करून ती म्हणाली, "तिथं माही पोरगी हाय."

दात येण्याआधी गेलेलं मूल ते लोक जाळत नसत, करंजाखाली पुरत. पिढ्यान्‌पिढ्या. वर दगड नाही, खूण नाही.

"मग हे अर्जात का नाही लिहिलं?" मी विचारलं.

उत्तर सासूनं दिलं. आता तिचा आवाज वेगळा होता. "बोलाचं नसते बाई. जागा कोनाले दाखवाची नसते. खूण केली का लेकरू तिथंच अडकते. मंग ते परत पोटी कसं येईन?"

मला वाटलं, आपल्याला धागा सापडला. मी सुनेला समजावलं की तू जागा दाखव, मी पंचनामा करते. एकदा सरकारी कागदावर आलं की तिथं कुणी कुदळ मारणार नाही. तिनं सासूकडे पाहिलं.

सासू म्हणाली, "पोलीस सांगून राहिली तं दाखव."

तिनं जागा दाखवली. ते पाहून संध्याकाळपर्यंत आणखी दहा आया पुढे आल्या. मी अकरा ठिकाणी चुना टाकला, अंतरं मोजली, पंचांच्या सह्या घेतल्या, कच्चा नकाशा जोडला. असा नीटनेटका पंचनामा मी पूर्वी केला नव्हता. वरिष्ठांनी शाबासकी दिली. खुंट्यांचा गुन्हा समज देऊन मिटला.

जूनच्या आरंभी कलेक्टर कचेरीतून आदेश आला. हरकत अकरा जागांपुरतीच आहे, तेव्हा तिथले अवशेष सन्मानानं काढून नदीत सोडावेत आणि बाकी उतार मोकळा समजावा. सोबत माझाच नकाशा होता. बंदोबस्ताला माझीच नेमणूक झाली.

मजुरांनी खणलं. दोन ठिकाणी थोडंफार निघालं. नऊ ठिकाणी नुसती ओली माती. कचेरीतून आलेल्या कारकुनानं जागच्या जागी लिहिलं, दाव्यात तथ्य आढळले नाही. तान्ह्या मुलाची हाडं नदीकाठच्या मातीत वर्षं टिकत नाहीत, हे मला माहीत होतं. नोकरीत मी ते पाहिलं होतं. पंचनामा लिहिताना ते माझ्या लक्षात यायला हवं होतं.

त्या बाईचा खड्डा नऊमधलाच होता. ती काठाशी बसून आत पाहत राहिली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "बाई, मंग कुठं गेली माही पोरगी?"

तिच्या आवाजात राग नव्हता. ती खरंच विचारत होती. मी शिपायांना गर्दी मागे घ्यायला सांगितलं.

माणसाला बोलतं करणं ही आमच्या कामातली मोठी हुशारी समजली जाते. माझ्याकडे ती होती. पण बोलतं केल्यावर ते बोलणं कुणाच्या टेबलावर जाणार आणि तिथं त्याचं काय होणार, हे मी विचारलं नाही. ती बाई दोन तास गप्प होती, तेव्हा ती मुलीला सांभाळत होती. पुढच्या नोकरीत मी पुष्कळांना विचारलं, पण उत्तर घेण्याआधी ते कुठे जाईल हे त्यांना सांगत गेले. काहींनी त्यावर तोंड मिटलं. मी ते मिटू दिलं.

खोदकामाच्या दुसऱ्या दिवशी माझी सुट्टी होती. सकाळच्या पहिल्या एस.टी.नं मी साध्या लुगड्यात कन्हानला गेले. खड्डे तसेच उघडे होते आणि रात्रीच्या सरीनं त्यांत पाणी साचलं होतं. वस्तीतून फावडं मागितलं. कुणी दिलं नाही, कुणी अडवलंही नाही. शेवटी सासूनं एका भिंतीला टेकवलेल्या फावड्याकडे मान हलवली. दुपारपर्यंत मी माती लोटत होते. सून करंजाला टेकून उभी होती. शेवटचा खड्डा भरून मी पाठ सरळ केली, तेव्हा ती जवळ आली, मातीकडे पाहिलं आणि म्हणाली, "अजून दाबा बाई. जागा दिसून राहिली."

मी वाकले आणि माती दाबू लागले.