‘मुद्दाम’

आमच्या कुंपणावरची जास्वंद रोज सकाळी कुणीतरी पूजेसाठी खुडून नेई. एकदा पाळत ठेवली, तर समोरच्या इमारतीतल्या काकू! शिकलीसवरलेली बाई मुद्दाम असं करते, या विचारानं माझं डोकंच फिरलं. तरातरा फाटकाशी गेले. तेवढ्यात त्यांचे यजमान धापा टाकत आले.

“रागावू नका हो. हे तिला माहेरचं अंगण वाटतं. हल्ली ती मलाही ओळखत नाही.”

माझा राग कुठे विरला, समजलंच नाही. फुलं तीच, हातही तेच. फक्त ‘मुद्दाम’ हा एक शब्द गळून पडला होता. त्या शब्दाच्या जोरावर आजवर मी किती जणांना दोषी ठरवलं असेल!

काकू शांतपणे खुडत होत्या. उमललेलं फूल परडीत जाई. कळीपाशी मात्र त्यांची बोटं थबकत आणि पुढे सरकत. नवऱ्याला विसरलेल्या या बाईच्या आत ही निवड कोण करत होतं? त्या तंद्रीत मीही त्यांच्यासाठी फुलं काढू लागले.

काकूंनी एकदम माझं मनगट धरलं. माझ्या चिमटीत कळी होती.

“कळी तोडलीस?” माझ्या डोळ्यांत बघत त्यांनी विचारलं, “मुद्दाम?”