मधल्या कपाटाचे सर

"मला नको सांगू. त्यांना सांग."

एवढं बोलून सर कानावरची पेन्सिल काढायचे आणि तिचं टोक माझ्याकडं करायचे. मी त्या वेळी केर काढत असायचे. समोरचं पोरगं आधी सरांकडं बघायचं, मग माझ्याकडं, मग माझ्या हातातल्या केरसुणीकडं. पुस्तक वाचून आणलं ते आपण, आणि सांगायचं या बाईला?

तुम्ही तिथं असता तर हसला असता. पहिल्या दिवशी मी स्वतःच तोंडाला पदर लावून मागच्या खोलीत पळाले होते.

आमचं गाव मांडवगणच्या पुढं, नदीच्या अंगाला. गावात सार्वजनिक वाचनालय आहे. एक मोठी खोली, मागं एक लहान, सहा कपाटं आणि पेपर वाचणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी लांब टेबल. मी तिथं झाडलोट करते, पाणी भरते, समितीच्या बैठकीला चहा करते. माझी चौथी झालेली आहे. वस्तीवरची शाळा चौथीपर्यंतच होती आणि पाचवीसाठी नदीपलीकडं जावं लागायचं, म्हणून तेवढीच. चारचौघांत बोलायचं म्हटलं की माझा घसा कोरडा पडतो. हे सगळं सरांना माहीत होतं, तरी ते पोरांना माझ्याकडंच धाडायचे.

सर म्हणजे आमचे ग्रंथपाल. नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. अंगानं बारीक, उन्हाळ्यातसुद्धा शर्टाची गळ्याची गुंडी लावलेली. आल्या आल्या त्यांनी खिडकीजवळचं, जुने अहवाल कोंबलेलं कपाट रिकामं करायला घेतलं. अध्यक्षांना आम्ही सगळे आबा म्हणतो. ते दारात उभे राहून विचारू लागले.

"हे काय चाललंय?"

"बारक्यांचं एक कपाट हाय, मोठ्यांची चार हायत," सर म्हणाले. "सातवी ते बारावीच्या पोरांचं कुठं हाय?"

"त्यांनी अभ्यास करायचा."

"आन् अभ्यास करून वेळ उरला तर?"

"उरला तर मोबाईल हाय की."

"तेच म्हणतोय मी आबा," सर म्हणाले आणि अहवालाचा पुढचा गठ्ठा उचलला.

बारकी आणि मोठी यांच्या मधल्या पोरांचं, म्हणून त्याला आम्ही मधलं कपाट म्हणायला लागलो. शनिवारी शाळा सकाळची असते. साडेअकराला सुटली की पोरं दप्तरासकट वाचनालयात यायची, फरशीवर डबे खायची आणि दोनपर्यंत वाचत बसायची. दहा-बारा तरी असायचीच. गुऱ्हाळावर कामाला आलेल्या कुटुंबातली एक मुलगी होती, ती अर्धी गोष्ट हिंदीत सांगायची आणि मला निम्मीच कळायची. पण ती डोळे एवढे मोठे करायची की बाकीचं तिथं दिसायचं.

नियम एकच. नवीन पुस्तक हवं तर आधी जुन्याची गोष्ट मला सांगायची. गोष्ट ऐकून मी "मग पुढं?" असं विचारलं तर ती पास.

मी एकदा धीर करून सरांना म्हणाले, "तुम्ही वाचलेली हायत ही पुस्तकं. तुम्हीच का ऐकत न्हाई?"

"म्हणूनच न्हाई ऐकत. मला सांगताना पोरं परीक्षा देतात, तुम्हाला सांगताना गोष्ट सांगतात." मग म्हणाले, "तुम्हाला माहिती नसतं ना, हा तुमचा मोठा गुण हाय ताई."

मला दोन दिवस ते लागलं होतं. तिसऱ्या दिवशी त्यांनी घरून एक लोखंडी स्टूल आणलं आणि मधल्या कपाटाशेजारी ठेवलं. "ऐकणारा उभा असला की सांगणारा घाई करतो. बसून ऐकत जा." त्या वाचनालयात मला कुणी बस म्हणण्याची ती पहिली वेळ.

आबांची नात वैष्णवी तेव्हा आठवीत होती. तोंडाची टकळी अशी की स्टँडवरच्या कंडक्टरनं हात जोडावेत. तिनं एक जाडजूड पुस्तक दोन दिवसांत परत आणलं आणि एका दमात गोष्ट सांगून टाकली. एक मुलगा असतो, त्याचं एक कुत्रं असतं, तो घर सोडून जातो, मोठा होतो, परत येतो, आई रडते, संपलं.

मी म्हणाले, "आन् कुत्रं कुठं गेलं?"

"कुठलं कुत्रं मावशी?"

"त्याच्यासंगं निघालं होतं ते. परत येताना तो एकलाच आला. कुत्रं कुठं गेलं?"

वैष्णवी पहिल्यांदा गप्प झाली. तिकडं सर रजिस्टरात डोकं घालून हसत होते, त्यांचे खांदे हलत होते. पोरीनं पहिली वीस पानं वाचली होती आणि शेवटची दहा. ती पुस्तक उचलून कोपऱ्यात गेली आणि दोन वाजेपर्यंत हलली नाही. पुढच्या शनिवारी आली ती डोळे सुजवून. "मावशी, कुत्रं गेलं," म्हणाली, आणि मग मधलं सगळं सांगितलं. त्या दिवशी केर तसाच राहिला.

तेव्हापासून सरांना एक नवं वाक्य मिळालं. कुणी गोष्टीत गाळलं, कुणी उशिरा येऊन भलतं कारण दिलं, की ते पेन्सिल कानावर सरकवत म्हणायचे, "ते सगळं ठीक हाय. कुत्रं कुठं गेलं?" पोरंही एकमेकांना म्हणायला लागली. आबांनी एकदा "किशोर वाचक मंडळ" असा फलक करून आणला आणि पोरांना उन्हात उभं करून फोटो काढला. स्वतः मधोमध बसले. सर फोटोत नाहीत. फलकाचं एक टोक त्यांनी धरलं होतं, त्यांचा हात तेवढा आलाय.

आता खालच्या खणाचं लिहायचं आहे.

मधल्या कपाटाच्या सगळ्यांत खालच्या खणात एका पातळ पुस्तकाच्या तीन प्रती होत्या. एका डॉक्टरीणबाईंनी लिहिलेलं, मुलींनी वयात येण्याबद्दलचं, चित्रं असलेलं. चोरून आणलेलं नव्हतं. शासनाच्या यादीतलं होतं आणि खरेदीच्या कागदावर आबांची सही होती. ते आलं त्या दिवशी सर भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत माझ्याशी बोलले.

"ताई, खालचा खण तुमच्याकडं. पोरी मला मागायच्या न्हाईत, आन् त्यांनी का मागावं? याची नोंद नको. रजिस्टर टेबलावर पडलेलं असतं, कुणीबी चाळतं. आन् या पुस्तकाची गोष्ट सांगायची सक्ती न्हाई."

आधी मी ते वाचलं. अक्षराखाली बोट धरून, चार दिवस. मी तेरा वर्षांची असताना आपण आता मरणार असं वाटून संध्याकाळपर्यंत उसात बसून राहिले होते. आईनं शोधून आणलं आणि म्हणाली, "आता देवाच्या खोलीत जाऊ नकोस." एवढंच. पुढचं कुणी काही सांगितलं नाही. त्या पुस्तकात ते सगळं दोन पानांत होतं. चाळिशीत ती पानं वाचताना मला रडू आलं नाही, चीड आली. दोनच पानं होती. कुणी तरी द्यायला हवी होती.

म्हणून मी देत गेले. पेपरात गुंडाळून, पाण्याच्या माठाजवळ. कितीतरी पोरींनी नेलं, आणलं. सक्ती नसताना काहीजणी थांबून विचारायच्या आणि मला येईल तेवढं मी सांगायचे. माझा घसा तेव्हा कोरडा पडायचा नाही.

वैष्णवी दहावीत गेल्यावर तिनंही नेलं. एक दिवस आबांनी पेन हवा म्हणून तिचं दप्तर उघडलं.

रविवारी सकाळी समिती बसली. नऊ माणसं, सगळे पुरुष. आबांनी ते पुस्तक टेबलावर पालथं ठेवलं, मुखपृष्ठ दिसू नये असं. सर उभे होते. त्यांना कुणी बस म्हणालं नाही.

"नोंद दाखवा याची."

"नोंद न्हाई," सर म्हणाले.

"म्हंजी लपवून दिलं."

दुसरा एक सभासद म्हणाला, "शनिवारी पोरी गोळा करून हे चालतं व्हय?"

हे वाक्य कुणाबद्दल बोललं गेलं ते तुम्ही लक्षात घ्या. खालच्या खणातलं पुस्तक पोरींना आपल्याकडं मागावं लागू नये म्हणून कॅलेंडरकडं बघत बोलणाऱ्या माणसाबद्दल. सर टेबलाकडं बघत राहिले. पुस्तक या बाईनं दिलं, असं त्यांनी म्हटलं असतं तर ते खरंच होतं. ते म्हणाले नाहीत.

मी मागच्या खोलीत आधण ठेवत होते. गॅस बंद केला आणि दारात आले.

"ते पुस्तक मी दिलं."

आवाज माझा मलाच ऐकू आला नाही. पुन्हा म्हणाले.

"काय म्हणतीय ती?"

"पुस्तक मी दिलं. खालचा खण माझ्याकडं हाय. वैष्णवीनं माझ्याकडं मागितलं."

तो मघाचा सभासद वळून बघत म्हणाला, "तुला वाचाया येतं व्हय?"

"चौथी झालीय माझी."

"आबा, आपल्याकडं दोन ग्रंथपाल हायत आन् आपल्यालाच पत्ता न्हाई."

सगळे हसले. मी सांगणार होते की विचारा मला त्यात काय आहे. पहिल्या पानापासून सांगते, काही गाळत नाही. खरंच सांगितलं असतं, त्या नऊ पुरुषांसमोर. तोंड उघडलंच होतं, तेवढ्यात सर म्हणाले, "ताई, तुम्ही आत जा. यात पडू नका."

आणि आबा म्हणाले, "चहा आण सगळ्यांना."

मी आत गेले. चहा केला, कप भरले, बाहेर नेऊन दिले. समितीचा राग येतोच, पण त्यांच्याकडून मला वेगळं काही अपेक्षित नव्हतं. चूक माझी, हे ऐकायलाही ते तयार नव्हते. चौथीच्या बाईच्या हातून त्यांच्या मते चूकसुद्धा होऊ शकत नाही. पण सरांनी आत जा म्हणावं?

दुपारी ते गाडीची सीट पुसत होते. राजीनाम्यावर सही करून दिली होती. वैयक्तिक कारणास्तव, स्वेच्छेनं. मी केरसुणी हातात घेऊनच बाहेर गेले.

"सर, मी खरं सांगत होते."

"माहितीय."

"मग आत जा का म्हणालात?"

"तुमचं काम गेलं असतं ताई."

"ते माझं मी बघितलं असतं. इतकी वरसं पोरांना म्हणत आलात, त्यांना सांगा, त्यांना सांगा. मी सांगाय लागले तर तुम्हीच गप केलं."

इतकं मी आयुष्यात कुणाला बोलले नव्हते. सर सीट पुसतच राहिले, ती कधीच स्वच्छ झाली होती.

"चुकलं माझं," म्हणाले. मग कानावरची पेन्सिल काढली, सवयीनं टोक माझ्याकडं केलं. पेन्सिल माझ्या हातात दिली आणि गाडीला किक मारली. आता ते दौंडला मुलाकडं राहतात, असं ऐकते. रेल्वेच्या क्वार्टरात. तिकडं कुणाला काय वाचायला देतात, माहीत नाही.

मधलं कपाट आता मागच्या खोलीत आहे, कुलूप लावून. किल्ली आबांकडं. त्या जागी प्लायवूडचे आडोसे घालून अभ्यासिका केली आहे आणि "शांतता राखा" अशी पाटी लावली आहे. शनिवारची पोरं दोनदा आली, पाटी वाचून गेली. या वर्षीच्या अहवालात मात्र किशोर वाचक मंडळ नियमित सुरू आहे. फोटो तोच. सरांचा हात त्यातून कापला आहे. माझ्या स्टुलावर पाण्याचा जार ठेवलाय.

दाराजवळच्या फलकावर टाचणीनं एक कागद लावला आहे. "ग्रंथपालांनी वैयक्तिक कारणास्तव स्वेच्छेने काम सोडले आहे. समिती त्यांची आभारी आहे." गेल्या शनिवारी त्याखाली, फलकाच्या लाकडावरच, पेनानं लिहिलेलं दिसलं.

कुत्रं कुठं गेलं?

आबांनी चष्मा कपाळावर सारून वाचलं. "कुणाचं कुत्रं हरवलंय गं?"

मला अक्षर ओळखू आलं होतं. ते त्यांच्याच घरातलं होतं.

"माहिती न्हाई," मी म्हणाले. तसं म्हणाल्याचा माझाच मला आलेला राग आठवडाभर गेला नाही.

"पुसून टाक ते."

मी ओलं फडकं फिरवलं. काल शनिवारी बघते तर पुन्हा लिहिलेलं, आणि एकदा नाही, पाच वेगवेगळ्या अक्षरांत. एक हिंदी वळणाचं होतं. दुपारी वाचनालयात कुणी नव्हतं. मी फडकं भिजवलं नाही. जार खाली उतरवला, स्टूल पुसलं आणि फलकापाशी ओढलं, कारण उभं राहून लिहिताना माझी ओळ खाली घसरते. बसले. सरांची पेन्सिल पदराच्या गाठीत होती.

"पुस्तक मी दिलं होतं," असं लिहिलं. खाली माझं नाव घातलं, पूर्ण, नवऱ्याच्या नावासकट, म्हणजे दुसरी कुणी समजायला नको.

आज रविवार. घरी बसून हे लिहिते आहे. आबा उद्या दहा वाजता येतात. आले की आधी फलक वाचतात. स्टूल मी तिथंच ठेवलंय.